राजा आहे म्हणून लोकशाही टिकली, की लोकशाहीने सोडला म्हणून राजा?

रानवारा

परवा इथल्याच एका चर्चेत 'उंबरठा' यांचा प्रतिसाद वाचला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, जपान हे सगळे स्थिर, सुखी लोकशाही देश आहेत आणि तिथे राजे आहेत, म्हणजे घटनात्मक राजेशाही (राजा गादीवर, पण कारभार निवडून आलेल्या सरकारचा) हीच लोकशाहीची सगळ्यात चांगली राखणदार. वर असंही की प्रजासत्ताकवाल्यांना इतिहासाशी देणंघेणं नसतं.

तर इतिहासच बघू. १९१४ साली फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल सोडले तर युरोपात जवळपास प्रत्येक देशाला राजा होता. रशियाचा झार १९१७ मध्ये गेला, जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट १९१८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, बल्गेरिया, रुमानिया. ग्रीसमध्ये १९७४ च्या सार्वमतात सुमारे ६९ टक्के लोकांनी राजाला नको म्हटलं. हे सगळे देश यादीतून वगळायचे, उरलेल्या दहाबारा राजांकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, बघा राजेशाही किती स्थिर! जे राजे वेळेवर मागे सरले ते वाचले, बाकीचे गेले. स्थैर्य राजाने आणलं नाही. लोकांनी सत्ता काढून घेतली आणि राजाने निमूट दिली, एवढंच त्याचं कर्तृत्व.

ब्रिटनचंच घ्या. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, १६८८ साली दुसऱ्या जेम्सला पळवून लावलं, १६८९ च्या हक्कांच्या सनदेने राजाचे हात बांधले, आणि १७०१ च्या कायद्याने गादीवर कोण बसेल हेसुद्धा संसदेने ठरवून टाकलं. १७०८ साली अॅन राणीने स्कॉटलंडच्या मिलिशियाचं (नागरी फौजेचं) विधेयक नाकारलं, त्यानंतर एकाही राजाने संसदेचं विधेयक अडवलेलं नाही. १८३४ साली चौथ्या विल्यमने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नचं सरकार घालवून बघितलं. निवडणूक झाली आणि काही महिन्यांत तोच मेलबर्न परत पंतप्रधान. यात राखण कोणी कोणाची केली?

आणि स्वीडन. १९७४ च्या राज्यघटनेने तिथल्या राजाची औपचारिक सहीसुद्धा काढून घेतली. पंतप्रधानाचं नाव संसदेचे सभापती सुचवतात, कायद्यावर राजाची सही लागत नाही. पन्नास वर्षं उलटली, स्वीडनच्या लोकशाहीचं काय बिघडलं? याचं उत्तर उंबरठा यांनी द्यावं.

उंबरठा

तो प्रतिसाद माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे.

तुम्ही नॉर्वेला बगल दिलीत. १९०५ साली स्वीडनपासून वेगळं झाल्यावर नॉर्वेने डॅनिश राजपुत्र कार्ल याला गादी देऊ केली. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, सुमारे ७९ टक्के लोकांनी होकार दिला, मगच तो सातवा हाकोन म्हणून आला. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी नाझीधार्जिण्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमायची मागणी केली तेव्हा याच हाकोनने मंत्रिमंडळाला सांगितलं की निर्णय तुमचा, पण त्या माणसाला नेमायचं असेल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ ताठ उभं राहिलं. पुढची पाच वर्षं नॉर्वेतल्या भिंतींवर लोक त्याचं नाव एका अक्षरात आणि आकड्यात ('H7') रंगवत होते. पक्षाच्या पाठिंब्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव कोणी असं रंगवलं असतं का?

मी ऑस्लोत राहिलो आहे. २०११ च्या जुलैमध्ये एका अतिरेक्याने केलेला तो नरसंहार झाला तेव्हा तिथेच होतो. दोन दिवसांनी कॅथेड्रलमधल्या प्रार्थनेत हाराल्ड राजा आणि राणी दोघंही रडताना दिसले. माझ्या इमारतीत डावे होते, उजवे होते, परदेशी होते. तो कोणाच्या बाजूने रडतोय असा विचार कोणाच्याही मनात आला नाही. ही गोष्ट आकडेवारीत येत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर महत्त्वाकांक्षी माणूस बसूच शकत नाही, ही व्यवस्था किती मोलाची आहे ते ती नसलेल्या देशांना विचारा. खेळाडूंपैकीच एकाला अंपायर करायचं का?

काजवा

ऑस्लोचं सांगितलंत, आता बँकॉकचं ऐका.

मी तिथे काही वर्षं नोकरी केली. ऑफिसात एक सहकारी होती, कोणत्याही विषयावर मोकळेपणी बोलणारी, सरकारला भर कँटीनमध्ये शिव्या घालणारी. एकदा मी नवखेपणाने राजघराण्याच्या खर्चाबद्दल काहीतरी विचारलं. ती गप्प झाली. मग उठली, ताट उचललं आणि निघून गेली. संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो तेव्हा म्हणाली, "हे परत विचारू नकोस, माझ्यासाठी." दंडसंहितेचं कलम ११२. राजा, राणी, युवराज यांच्या अपमानाला ३ ते १५ वर्षं तुरुंग, आणि तेही प्रत्येक आरोपामागे. तक्रार कोणीही करू शकतो.

थायलंड १९३२ पासून घटनात्मक राजेशाही आहे. तेव्हापासून तिथे राज्यघटना आणि लष्करी उठाव यांची रांग लागली आहे. २००६ आणि २०१४, दोन्ही उठावांना राजाची मान्यता मिळाली. तुमच्या यादीत थायलंड का नाही?

उंबरठा

कारण थायलंड नावापुरती घटनात्मक राजेशाही आहे. खरी सत्ता लष्कराकडे. १९९२ मध्ये गोळीबार चालू असताना भूमिबोल राजाने जनरल सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग दोघांना समोर बसवलं, टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं आणि रक्तपात थांबला, हेही सांगा की.

काजवा

सांगते. थांबला. त्या दिवशी जीव वाचले, हे मी नाकारत नाही. पण ज्या राजाच्या एका शब्दाने १९९२ मध्ये लष्कर थांबलं, त्याचा शब्द २००६ मध्ये का नाही आला? चांगलं झालं तर राजाचं श्रेय, वाईट झालं तर 'ती खरी राजेशाही नव्हे'. असा हिशोब मला मान्य नाही.

सनदी

दोन्ही बाजूंनी माणसांच्या गोष्टी चालल्या आहेत. मुद्दा कामकाजाचा आहे.

ब्रिटिश राज्यघटनेवर लिहिणाऱ्या वॉल्टर बॅजटने १८६७ मध्ये राजाचे तीन हक्क सांगितले: सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि इशारा देण्याचा. राजेशाहीचे सगळे समर्थक हे तीन हक्क पाठ म्हणतात. आता ऑगस्ट २०१९ बघा. ब्रेक्झिट तोंडावर असताना बोरिस जॉन्सननी संसद पाच आठवडे संस्थगित करण्याचा सल्ला दिला. बाल्मोरलच्या वाड्यावर बैठक झाली, एलिझाबेथ राणीने मंजुरी दिली. तिला पर्याय नव्हता, असं समर्थकच सांगतात. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरवला. संसद कोणी वाचवली? कोर्टात गेलेल्या नागरिकांनी आणि न्यायाधीशांनी. त्या दिवशी मुकुट असला नसला सारखाच होता.

दुसरं टोक इटलीचं. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चाल करून येत होते. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा आदेश तयार करून राजापुढे ठेवला. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने सही नाकारली आणि मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं. म्हणजे एका राणीने सल्ला मानला आणि संसद बंद झाली, एका राजाने सल्ला मानला नाही आणि फॅसिस्ट आले. दोघांनाही जाब विचारायची सोय नव्हती. माझा आक्षेप नेमका यावर आहे.

उंबरठा

१९७५ विसरलात? २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या आदेशावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. ते राजे नव्हते, निवडून आलेले राष्ट्रपती होते. मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. निवडून येण्याने कणा येतो असं कुठे आहे?

सनदी

विसरलेलो नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काय केलं तेही सांगतो. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. व्यवस्थेतलं भोक दिसलं, ते बुजवलं. आणि कण्याचं म्हणाल तर आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष ओ'डाली. १९७६ मध्ये त्यांनी आणीबाणीच्या अधिकारांचं विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं. संरक्षणमंत्र्याने त्यांचा जाहीर अपमान केला, आणि पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांच्या पदाला काही किंमत होती, कारण ते सोडून जाता येत होतं.

शंखपुष्पी

हाकोनही गादी सोडतो म्हणालाच होता की.

असो. सगळ्यात मोठं उदाहरण कोणी काढलंच नाही, म्हणून मी काढते. २३ फेब्रुवारी १९८१, स्पेन. लेफ्टनंट कर्नल तेहेरो शंभर-दोनशे सशस्त्र गार्ड घेऊन भर सभागृहात घुसला, छताला गोळ्या घातल्या, अख्खी संसद ओलीस. वालेन्सियात जनरल मिलान्स देल बोश यांनी रस्त्यावर रणगाडे उतरवले.

मी शिकायला वालेन्सियात होते, पुष्कळ नंतर. ज्यांच्या घरी राहायचे त्या बाईंनी ती रात्र काढली होती. नवरा कामगार संघटनेत. त्यांनी सांगितलं की संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांनी न्हाणीघरात बसून सभासदांच्या याद्या जाळल्या. मुलांना बहिणीकडे पाठवलं. खिडकीच्या फटीतून रणगाडा दिसत होता. रात्रभर रेडिओ कानाला. एक वाजून गेल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला आणि म्हणाला की लोकशाही मोडायचा हा प्रयत्न राजमुकुट खपवून घेणार नाही. त्या बाई कट्टर प्रजासत्ताकवादी, वडील यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे. तरी म्हणायच्या, "त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले ते त्याच्यामुळे."

आता मला सांगा, त्या रात्री स्वीडनचा सभापती काय करणार होता?

रानवारा

गोष्ट ऐकून गलबलून आलं, पण ती अर्धी आहे.

लष्कराने हुआन कार्लोसचं का ऐकलं? घटनेतला राजा म्हणून? १९७८ ची घटना तेव्हा दोन वर्षांची होती आणि त्या सेनापतींना तीच तर मोडायची होती. त्यांनी ऐकलं कारण १९६९ मध्ये फ्रँकोने त्याला आपला वारस नेमलं होतं. हुकूमशहाचा वारस म्हणून मिळालेला धाक त्याने लोकशाहीसाठी वापरला. चांगलं केलं, मान्य. पण हा घटनात्मक राजेशाहीचा पुरावा कसा?

आणि आल्फोन्सो आर्मादाचं काय? कटातला प्रमुख जनरल. हा माणूस वर्षानुवर्षं राजाचा खासगी सचिव होता. न्यायालयाने त्याला ३० वर्षांची शिक्षा दिली. कट करणाऱ्यांना राजा आपल्या बाजूने येईल असं वाटलं, ते कुठून वाटलं? संध्याकाळी साडेसहाच्या आधी गोळ्या झाल्या, राजा टीव्हीवर रात्री एकनंतर. मधले तास?

शंखपुष्पी

मधले तास तो एकेका लष्करी विभागाच्या प्रमुखाला फोन करत होता. टीव्हीचं केंद्र सैनिकांनी ताब्यात घेतलं होतं, ते सुटल्यावर पथक राजवाड्यात पोचलं. आर्मादाला त्या रात्री राजवाड्यात येऊ दिलं नाही, हे तुम्ही सोयीने गाळलंत. कटवाल्यांना 'वाटलं' म्हणून राजा दोषी?

काजवा

मुळात एका माणसाच्या फोनवर अख्ख्या देशाची लोकशाही टांगलेली होती, याची तुम्हाला भीती नाही वाटत?

शंखपुष्पी

वाटते ना. म्हणून तर तो माणूस तिथे होता याचं समाधान वाटतं. भीती टाळायला चांगली लष्करी व्यवस्था हवी, पण ती एका दिवसात बनत नाही. स्पेनला ती १९८१ मध्ये नव्हती. नसलेल्या व्यवस्थेच्या जागी काय होतं, ते बोला.

सनदी

पुढचंही बोलू मग. देश आर्थिक संकटात होरपळत असताना २०१२ मध्ये हे महाशय बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले होते. २०१४ मध्ये गादी सोडली, २०२० मध्ये पैशांच्या चौकश्या चालू असताना अबू धाबीला गेले. स्वतःच्या मुलाला, फिलिप राजाला, बापाचा वारसा नाकारतो असं जाहीर करावं लागलं. २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद केला. का? काही व्यवहारांना मुदत संपली होती, काहींचा कर नंतर भरला होता, आणि गादीवर असतानाच्या काळाला घटनेच्या ५६ व्या कलमाचं कवच: राजाची व्यक्ती अभंग, त्याच्यावर खटला चालत नाही.

एका रात्रीच्या कामाचं बक्षीस म्हणून चाळीस वर्षं कायद्याच्या वर? सामान्य माणसाचा कर एक दिवस चुकला तर नोटीस येते. माझ्या वडिलांना एका किरकोळ आकड्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, शेवटच्या आजारपणातही. तेव्हापासून 'राजाला कर माफ' हे शब्द मी शांतपणे वाचू शकत नाही. नेदरलँड्सच्या राजाचा भत्ता घटनेच्या ४० व्या कलमानेच करमुक्त आहे. ब्रिटनचा राजा १९९३ पासून प्राप्तिकर भरतो तो स्वखुशीने, आणि राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर वारसा कर नाही.

उंबरठा

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मूळ प्रश्न कराचा नव्हता.

सनदी

कराचाच आहे. कायद्यापुढे सगळे समान आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न आहे. सहानुभूती नको, उत्तर द्या.

उंबरठा

आवाज चढवायची गरज नाही. माझं उत्तर: खटल्यापासूनचं संरक्षण राजाच्या सरकारी कामापुरतंच असावं, खासगी व्यवहारांना नसावं. स्पेनने ते कलम बदलायला हवं, यात मी तुमच्या बाजूने. त्यासाठी गादीच मोडावी हे मला पटत नाही.

निळावंती

सगळे राजाला काय मिळतं यावर भांडताय. त्या घरात जन्मलेल्या माणसांचं काय होतं हे कोणी लिहिलं नाही.

जपान. १९४७ ची राज्यघटना सम्राटाला राष्ट्राचं प्रतीक म्हणते आणि कारभाराचा कोणताही अधिकार देत नाही. ठीक. पण त्याच वर्षीच्या राजघराण्याच्या कायद्याने गादी फक्त पुरुषांना, तीही पुरुषवंशातून. जपानच्या इतिहासात आठ स्त्रिया गादीवर बसून गेल्या आहेत, तरी आज सम्राट नारुहितोंची एकुलती एक मुलगी आइको वारस होऊ शकत नाही. राजकन्येने बाहेर लग्न केलं की ती राजघराण्यातूनच बाहेर. नारुहितोंची पुतणी माको २०२१ मध्ये गेली, रिवाजाने मिळणारी रक्कमही तिने नाकारली. लग्नाआधी माध्यमांच्या छळामुळे तिला मानसिक आघाताचा विकार जडल्याचं राजवाड्यानेच जाहीर केलं होतं. अकिहितो सम्राटांना ऐंशी उलटल्यावर थकलो म्हणून निवृत्त व्हायचं होतं, तर कायद्यात तशी सोयच नव्हती. २०१७ मध्ये खास कायदा करावा लागला, तेव्हा कुठे ३० एप्रिल २०१९ ला सुटले.

मत नाही, धर्म निवडता येत नाही, बोलता येत नाही, नोकरी सोडता येत नाही. बाळ जन्मल्याबरोबर त्याला आयुष्यभराच्या सरकारी कामाला जुंपणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. राजवाड्यात केलं म्हणून ते चालतं असं कसं?

शंखपुष्पी

हा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. स्वीडनने १९८० मध्ये थोरलं अपत्य वारस, मुलगा असो वा मुलगी, असा नियम केला. नेदरलँड्समध्ये राण्या वेळ झाली की पायउतार होतात: १९४८, १९८०, २०१३. भूतानच्या २००८ च्या घटनेत तर राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचंच आहे, आणि संसदेचं तीन चतुर्थांश बहुमत व सार्वमत मिळून राजाला हटवूही शकतं. जपानने यातलं काही केलं नाही, हा जपानचा करंटेपणा.

काजवा

भूतान काढलंत तर शेजारचं नेपाळही काढा. १९९० ला घटनात्मक राजेशाही झाली. १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्रांनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली. २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी गादीच काढून टाकली. पुढे सरकारं पडत राहिली म्हणून आता काही लोक राजा परत मागतात. पण ज्याने ती घटना मोडली तो राजाच होता ना?

रानवारा

उंबरठा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही आलं. स्वीडन.

आणि तुमच्या हाकोनला उत्तर म्हणून बेल्जियमचा तिसरा लिओपोल्ड. त्याच १९४० चा वसंत. मंत्रिमंडळ म्हणत होतं देशाबाहेर चला, हा शरण गेला आणि मागे राहिला, पुढे हिटलरला भेटलाही. १९५० च्या सार्वमतात त्याला सुमारे ५८ टक्के मतं मिळाली, पण डचभाषक फ्लँडर्स एका बाजूला आणि फ्रेंचभाषक वालोनिया दुसऱ्या. तो परतला तेव्हा निदर्शनांवरच्या गोळीबारात माणसं मेली, १९५१ मध्ये गादी मुलाकडे गेली. देशाला एकत्र ठेवणाऱ्या राजानेच देश दुभंगवला. ऑस्लोच्या प्रार्थनेतले अश्रू खरे होते, मला शंका नाही. पण त्या दिवसांत अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा हे उत्तर देणारा स्टोल्टेनबर्ग निवडून आलेला पंतप्रधान होता, आणि जगाने लक्षात ठेवलं ते त्याचं वाक्य.

उंबरठा

स्टोल्टेनबर्गचं वाक्य मीही विसरलेलो नाही. ते वाक्य आणि ते अश्रू, दोन्ही त्या आठवड्याला लागत होते.

स्वीडनचं उत्तर देतो. राजाच्या सहीने स्वीडनची लोकशाही उभी नाही, हे मान्य करावंच लागतं. लक्झेंबर्गनेही २००८-०९ मध्ये तेच केलं. इच्छामरणाच्या कायद्याला संमती द्यायला तिथले राजे, ग्रँड ड्यूक हेन्री तयार नव्हते, तर घटना बदलून त्यांचा संमतीचा अधिकारच काढला. बेल्जियमच्या बोदुएँ राजाने १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणार नाही म्हटलं, तर मंत्रिमंडळाने दीड दिवस त्याला कारभाराला असमर्थ ठरवून स्वतः सही केली. काढा सही. मला फरक पडत नाही. गादी राहू द्या.

रानवारा

सही काढली, तर राखणदारीचा दावाही गेला. तिथून तर सुरुवात झाली होती. उरलं ते प्रतीक. मग ते एकाच घराण्यातून का यावं? जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष पाच वर्षांसाठी निवडला जातो, सलग जास्तीत जास्त दोनदा, आणि तोही प्रतीकच असतो.

उंबरठा

कारण लोकांना तसं हवं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. नॉर्वेने १९०५ ला विचारलं. ऑस्ट्रेलियाने १९९९ ला विचारलं, सुमारे ५५ टक्के लोकांनी प्रजासत्ताक नाकारलं. लोकांचा कौल तुम्हाला मान्य आहे की फक्त तुमच्या बाजूने आला तरच?

सनदी

मान्य आहे. मात्र ऑस्ट्रेलियात राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा असा नमुना मतदानाला ठेवला होता आणि थेट निवडणूक हवी असलेले प्रजासत्ताकवालेही त्याच्या विरोधात गेले, हेही लिहा. बार्बाडोसने २०२१ मध्ये सार्वमत न घेता संसदेतून राणीला निरोप दिला, त्यावर तुम्ही आक्षेप घेणार असाल तर मी ऐकून घेईन. पण मग ब्रिटनमध्ये राजा हवा की नको यावर आजवर एकदाही सार्वमत झालेलं नाही, त्याबद्दलही तितक्याच ठामपणे बोला.

उंबरठा

बोलतो. व्हायला हवं. आणि राजाच जिंकेल.

रानवारा

जिंकला तर मी गप्प बसेन. तोपर्यंत नाही.